‘पण’ नसलेलं वाक्य

आमच्या लहानपणी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आम्ही ज्या वाड्यात राहत होतो तिथे बिऱ्हाडं आठ आणि नळ एक. पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सहाच्या सुमारास जायचं. त्या दीड तासात आठ घरांच्या घागरी, बादल्या, पिंप भरून व्हायची. साहजिकच वाड्यातली बहुतेक भांडणं त्या नळाच्याच साक्षीने होत.

एका उन्हाळ्यात शेजारच्या मास्तरांचं आणि आमच्या नानांचं असंच वाजलं. मास्तर ख्रिस्ती होते. मिशनच्या शाळेत शिकवायचे. एरवी अतिशय शांत, कधी आवाज चढवणार नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी आमची अर्धी भरलेली बादली बाजूला सारून आपली घागर लावली, आणि नानांनी हटकलं तेव्हा त्यांच्या तोंडून नको तो शब्द गेला. झालं, दोन्ही घरांचं बोलणं बंद. आम्हा पोरांनाही एकमेकांच्या ओट्यावर जायची मनाई झाली.

पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी मास्तर आमच्या दारात उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, पायांत वहाणा, जणू परगावी निघालेत. नाना झोपाळ्यावर होते. मास्तर आत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “नाना, त्या दिवशी माझी चूक झाली. नंबर तुमचा होता. तुमची बादली मी सारली आणि वर तुम्हालाच बोललो. मला माफ करा.”

नाना एकदम गडबडले. भांडायची तयारी सगळ्यांची असते, असल्या गोष्टीची नसते. ते म्हणाले, “अहो मास्तर, त्यात काय एवढं! दिवसच पाण्याचे. माणूस चिडतो, होतं असं.”

मास्तर म्हणाले, “चिडलो म्हणून नव्हे नाना. चुकलो म्हणून.”

मग चहा झाला. दुसऱ्या दिवशी मी भीतभीत मास्तरांना विचारलं, “तुम्ही काल आमच्याकडे का आला होतात?” ते हसले. म्हणाले, “अरे, आज आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. शेजाऱ्याशी वैर ठेवून त्या मेजापाशी कोणत्या तोंडाने जाऊ?”

मला तेव्हा त्यातलं फार काही कळलं नाही. पुढे मोठा झालो, नोकरी केली, संसार केला, हजार वेळा माफी मागितली आणि ऐकली, तेव्हा मास्तरांच्या बोलण्यातली खुबी ध्यानात आली. त्यांच्या बोलण्यात ‘पण’ नव्हता. आपण सगळे माफी मागतो ती अशी: ‘माझं चुकलं, पण तुम्हीही जरा...’ ‘बोलायला नको होतं, पण त्या दिवशी माझं डोकं...’ ‘घेतले खरे पैसे, पण परत देणारच होतो.’ वाक्याचा पहिला अर्धा भाग कबुलीचा आणि दुसरा वकिलाचा. शेवटी जमेला वकिलाचाच भाग राहतो.

मी ख्रिस्ती नाही. मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलाने त्यांचं जुनं, शिवण उसवलेलं बायबल मला दिलं. ते मी आजवर अनेकदा वाचलं, आणि दरवेळी एकाच प्रश्नासाठी वाचलं. हा ‘पण’ माणसाच्या तोंडातून जातो कसा? कारण मला स्वतःला एक वाक्य अठ्ठेचाळीस वर्षं बोलता आलं नव्हतं. त्याविषयी पुढे सांगतोच.

कोकराची गोष्ट

बायबलमध्ये ‘पण’ अगदी पहिल्या पानांपासून आहे. एदेन बागेत देवाने जाब विचारला तेव्हा आदामाने बोट दाखवलं हव्वेकडे, आणि जाता जाता देवाकडेही, कारण ही बाई तूच दिलीस ना! हव्वेने बोट दाखवलं सापाकडे. फळ दोघांनी खाल्लं आणि कबुली कोणाचीच नाही. उलट दोघंही झाडांआड लपली. पाप झालं की माणूस आधी लपतो, आणि सापडला की बोट दाखवतो, हे मानवी स्वभावाचं निदान त्या कथेइतकं नेमकं क्वचितच कोणी केलं असेल.

इस्राएलचा पहिला राजा शौल हा या ‘पण’चा बादशहा. अमालेकी लोकांवर स्वारी करताना तिथली कोणतीही चीजवस्तू ठेवायची नाही, अशी देवाची आज्ञा होती. शौलाने त्यांच्या राजाला जिवंत ठेवलं आणि चांगली चांगली गुरंमेंढरं राखून ठेवली. शमुवेल संदेष्ट्याने विचारलं तेव्हा तो आधी म्हणाला, मी तर आज्ञा पाळली. मग म्हणाला, जनावरं लोकांनी ठेवली. मग म्हणाला, तीही देवाला बळी द्यायलाच ठेवली. अगदीच कोंडी झाली तेव्हा त्याने पाप कबूल केलं, पण लागलीच शमुवेलाला गळ घातली, की निदान वडीलधाऱ्यांसमोर तरी माझा मान राख. पापापेक्षा त्याला काळजी होती ती चारचौघांत आपण कसे दिसू याची.

त्याच्यानंतरचा राजा दावीद. मेंढपाळाचा पोर, वीणा वाजवणारा, गल्याथ राक्षसाला गोफणीने लोळवणारा. त्याचं पाप शौलापेक्षा कितीतरी घोर होतं. सैन्य लढाईवर गेलेलं आणि राजा घरी. संध्याकाळी गच्चीवरून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. ती बथशेबा, त्याच्याच सैन्यातल्या उरीया नावाच्या शिपायाची बायको. राजाने तिला बोलावून घेतलं. तिला दिवस राहिले, तसं राजाने उरीयाला रणावरून परत बोलावलं, म्हणजे तो घरी जाईल आणि सारं झाकलं जाईल. पण माझे सोबती उघड्यावर तंबूंत असताना मी घरी जाऊन सुख कसं भोगू, असं म्हणून तो राजवाड्याच्या दाराशी नोकरांबरोबर झोपला. दुसऱ्या रात्री राजाने त्याला दारू पाजली, तरी तो घरी गेला नाही. शेवटी राजाने सेनापतीला पत्र लिहिलं: उरीयाला ऐन धुमश्चक्रीत पुढे ठेवा आणि मागे सरा. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती पाठवलं. त्या इमानी माणसाने स्वतःचं मरण स्वतः वाहून नेलं.

उरीया मेला. राजाने बथशेबेशी लग्न केलं. कायदेशीर, रीतसर, सगळं झाकलेलं.

मग नाथान नावाचा संदेष्टा दरबारात आला आणि त्याने राजाला एक गोष्ट सांगितली. एका गावात एक श्रीमंत होता आणि एक गरीब. श्रीमंताकडे कळपच्या कळप. गरिबाकडे एकच कोकरू. ते त्याच्या ताटातलं खायचं, त्याच्या कुशीत झोपायचं, लेकीसारखं वाढलेलं. श्रीमंताकडे पाहुणा आला. श्रीमंताने आपल्या कळपाला हात न लावता गरिबाचं ते कोकरू आणून कापलं. दावीद संतापला. म्हणाला, असा माणूस मरणाच्याच लायकीचा. त्याने कोकराची चौपट भरपाई केली पाहिजे. यावर नाथानाने शांतपणे सांगितलं, की राजा, तो श्रीमंत दुसरा कोणी नसून तूच आहेस. आणि उरीयाचं नाव घेऊन त्याचा खून राजाच्या पदरात टाकला.

इथे राजाला काय काय म्हणता आलं असतं! उरीया लढाईत पडला, मी नाही मारला. राजांच्या बाबतीत हे चालतंच. तू कोण मला विचारणारा? यांतलं काहीही तो म्हणाला नाही. आपण देवाचा अपराध केला, एवढंच त्याने म्हटलं. मूळ हिब्रू भाषेत ते वाक्य दोन शब्दांचं आहे. त्यात ‘पण’ला जागाच नाही.

पश्चात्ताप आणि परत फिरणं

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक्कावन्नावं स्तोत्र परंपरेने या प्रसंगाशी जोडलेलं आहे. त्याच्या मथळ्यातच दावीद आणि नाथान यांचा उल्लेख आहे. चर्चच्या परंपरेत जी सात पश्चात्तापाची स्तोत्रं मानतात (६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३) त्यांत हे सर्वांत प्रसिद्ध. गुन्हा करणारा माणूस इथे देवाकडे सूट मागत नाही, धुऊन काढ म्हणतो. नवं मन दे म्हणतो. होमहवनाने तू प्रसन्न होणार नाहीस, मोडलेलं मन मात्र तू झिडकारणार नाहीस, असा त्याचा भरवसा आहे. बत्तिसाव्या स्तोत्रात तर न दिलेल्या कबुलीचं वर्णन एखाद्या दुखण्यासारखं आहे. गप्प राहिलो तोवर हाडं झिजत गेली, उन्हाळ्यात ओल आटावी तसं अंगातलं बळ आटलं, आणि बोललो तेव्हा सुटलो.

हिप्पोचा बिशप ऑगस्टिन इ. स. ४३० मध्ये मरणशय्येवर होता. त्याचा शिष्य आणि चरित्रकार पॉसिडियस लिहितो, की पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून त्याने समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती, आणि पडल्या पडल्या ती वाचत तो रडत असे. हा माणूस तोवर ख्रिस्ती जगातला थोर पंडित झालेला होता. आपल्या आत्मकथनात त्याने सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या नासपतींच्या चोरीवर पानंच्या पानं खर्च केली आहेत. भूक नव्हती, फळं गोडही नव्हती. मग चोरली का? याचं उत्तर शोधताना तो वयाची सबब सांगत नाही.

आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो. पश्चात् ताप, मागाहून होणारी होरपळ. शब्द मोठा नेमका आहे, कारण ती होरपळ सगळ्यांनाच माहीत असते. पण बायबलच्या मूळ हिब्रूत यासाठी जो शब्द येतो त्याचा साधा अर्थ आहे परत फिरणं. वाट चुकलेला माणूस थांबतो, वळतो आणि आलेल्या वाटेने मागे चालू लागतो, तसं. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतला शब्द मन पालटणं सांगतो. म्हणजे जळणं ही झाली सुरुवात. पुढे चालायचं आहे.

हा फरक येशूच्या दोन शिष्यांत फार हृदयद्रावक रीतीने दिसतो. यहूदाने तीस नाण्यांसाठी गुरूला धरून दिलं. नंतर त्याला पश्चात्ताप झाला, तो याजकांकडे गेला, निरपराध माणसाचा घात केल्याची कबुली दिली आणि नाणी मंदिरात फेकली. याजक म्हणाले, त्याच्याशी आम्हाला काय करायचं, तुझं तू पाहा. धर्माच्या दारात आलेल्या कबुलीला धर्माच्या अधिकाऱ्यांनीच दार लावलं. यहूदाची होरपळ खरी होती; पण परत फिरायला त्याला वाट दिसली नाही आणि कोणी दाखवलीही नाही.

पेत्र तर सर्वांत जवळचा. ज्या रात्री येशूला पकडलं त्या रात्री आवारात कोळशांच्या शेगडीपाशी शेकत उभा असताना त्याने तीनदा सांगितलं, मी त्या माणसाला ओळखतच नाही. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे, पुनरुत्थानानंतर, तळ्याकाठी पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त या दोनच ठिकाणी येतो. त्या विस्तवापाशी येशू पेत्राला तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? ‘त्या रात्री तू असं का केलंस’ हे तो विचारत नाही. तीनदा नाकारलं त्याला तीनदा होकार देऊ देतो, आणि प्रत्येक होकारामागे एक काम देतो, माझी मेंढरं सांभाळ. क्षमा झालेल्या माणसाला रिकामं बसवलेलं नाही.

आधी शेजाऱ्याचं दार

इथे एक अवघड प्रश्न येतो. एक्कावन्नाव्या स्तोत्रात पापी माणूस देवाला म्हणतो की मी केवळ तुझाच अपराधी आहे. केवळ तुझा? मग उरीयाचं काय? ज्याची बायको गेली आणि जीव गेला, त्याने क्षमा केली का? त्याला कोणी विचारलं? माणसाचे अपराध करायचे आणि माफी देवाकडून परस्पर मिळवायची, ही तर सोयीची पळवाट झाली!

अनेक भाष्यकार याचा अर्थ असा लावतात की माणसावर केलेला अन्याय हा त्या माणसाला घडवणाऱ्यावरच केलेला अन्याय असतो, म्हणून प्रत्येक अपराधाचा शेवटचा फिर्यादी देव. ते खरंही असेल. पण बायबल या पळवाटेवर आणखीही पहारा ठेवतं. देवाने दावीदाला क्षमा केली, तरी त्याच्या घराचं रामायण संपलं नाही. पहिलं मूल दगावलं, मुलांमध्ये खुनाखुनी झाली, अबशालोमाने बापाविरुद्ध बंड केलं. क्षमेने नातं सांधलं गेलं, परिणाम पुसले गेले नाहीत.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने तर क्रमच लावून दिला आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर ते अर्पण तिथेच ठेव. आधी जाऊन समेट कर, मग ये. आमच्या मास्तरांचा इस्त्रीचा सदरा आणि शनिवारची संध्याकाळ या एका वाक्यातून आलेली होती. यहुदी परंपराही हेच सांगते. प्रायश्चित्ताच्या महादिवशी, योम किप्पूरला, देव आणि माणूस यांच्यामधली पापं धुतली जातात. माणसामाणसांतली मात्र ज्याला दुखावलं त्याची समजूत काढल्याशिवाय धुतली जात नाहीत, असा मिश्ना या प्राचीन ग्रंथाचा दंडक आहे.

यरीहो गावचा जक्कय हा जकातदारांचा मुख्य. रोमन सरकारसाठी कर गोळा करायचा आणि वर आपला खिसा भरायचा, म्हणून लोकांच्या शिव्यांचा धनी. बुटका असल्याने गर्दीतून येशू दिसेना, म्हणून उंबराच्या जातीच्या झाडावर चढून बसला. येशूने वर पाहून त्याला हाक मारली आणि म्हणाला, आज मी तुझ्याकडेच उतरणार. लोक कुजबुजले. जक्कयाने घरात उभं राहून सांगितलं, की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत. पुन्हा चौपट! मोशेच्या नियमशास्त्रात चोरून कापलेल्या मेंढराची भरपाई चार मेंढरं अशी आहे. दावीदाने रागाच्या भरात दुसऱ्याला सुनावलेली शिक्षा जक्कयाने आपणहून स्वतःला लावून घेतली.

यातला क्रम मात्र नीट पाहायला हवा. जक्कयाने पैसे परत केले म्हणून येशू त्याच्या घरी गेला नाही. येशू आधी गेला, मग जक्कयाची तिजोरी उघडली. ख्रिस्ती श्रद्धेचं मर्म इथे आहे. क्षमा ही मजुरी नाही, देणगी आहे. येशूने क्रुसावर तिची किंमत मोजली, असं ख्रिस्ती माणूस मानतो. उधळ्या मुलाच्या गोष्टीतही तेच. डुकरं राखायची पाळी आलेला मुलगा वाटेवर भाषण पाठ करत येतो: मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. म्हातारा बाप लांबूनच त्याला पाहून धावत सुटतो आणि मिठी मारतो. मुलगा बोलू लागतो. पण मजुराचं वाक्य त्याच्या तोंडून निघण्याआधीच बाप नोकरांना नवा झगा आणायला सांगतो. मुलगा म्हणून परत घेतलेल्याला मजुराचं वाक्य बोलायची गरज उरत नाही.

म्हणजे भरपाई ही क्षमेची किंमत नाही, क्षमा पोचल्याची ती पावती आहे. आणि जिथे पावतीच फाटत नाही तिथे काय होतं, हेही येशूने एका दाखल्यात सांगितलं आहे. एका चाकराला राजाने दहा हजार तालांताचं कर्ज माफ केलं. तो बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरली. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात सुमारे सहा हजार दिनार. हिशोब केला तर माफ झालेलं कर्ज सहा कोटी दिनारांचं, म्हणजे सोबत्याच्या कर्जाच्या सहा लाख पट! प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाने पापासाठी ‘ऋण’ हा शब्द ठेवला आहे तो उगाच नव्हे.

मराठी मुलखात

ही कबुली चर्चने नाना रूपांत जपली. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त सगळ्या मंडळीसमोर करावं लागे. पुढे धर्मगुरूच्या कानात एकांतात पाप सांगण्याची रीत रुळली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा ते सांगणं बंधनकारक केलं. ऐकलेलं पाप धर्मगुरूने प्राण गेला तरी बाहेर फोडायचं नाही, हा त्यातला कडक नियम. गोव्यात कोकणीत याला ‘कुमसार’ म्हणतात. प्रॉटेस्टंटांनी मध्यस्थ वगळला. पण १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने जे ९५ सिद्धान्त मांडले त्यांतला पहिलाच असा, की ख्रिस्ती माणसाचं अवघं आयुष्य पश्चात्तापाचं असावं.

मराठीला हा विचार नवा नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या चरित्रापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत लिहिली, ती ‘क्रिस्तपुराण’ म्हणून १६१६ मध्ये छापली गेली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली, तेव्हा तिथल्या शेकडो मुली-बायका आपापली पापं बोलून दाखवत रडत होत्या. घराने, समाजाने टाकलेल्या या बायका. दोष द्यायला त्यांच्यापाशी सारं जग होतं, तरी त्या स्वतःचं माप स्वतःच्या पदरात घेत होत्या. याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्यासुध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल करण्यात घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

आणि संस्थांचं काय? १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, चर्चच्या लेकरांनी शतकानुशतकं केलेल्या अपराधांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. अपराधांची नावं पुरेशी स्पष्ट घेतली नाहीत, अशी टीकाही झाली. दोनच आठवड्यांनी ते जेरुसलेमला गेले आणि ज्यूंना ज्यांनी छळलं त्यांच्या वतीने क्षमा मागणारी चिठ्ठी त्यांनी तिथल्या पश्चिम भिंतीच्या फटीत ठेवली. आधी वेदी झाली, मग शेजाऱ्याचं दार. क्रम उलटा असला तरी दारापर्यंत ते गेले.

पाच रुपये

आता माझं वाक्य.

मी दहा वर्षांचा असताना आईने डाळीच्या डब्यात ठेवलेली पाच रुपयांची नोट मी चोरली. एक लाल चेंडू घेतला, उरलेल्या पैशांच्या गोळ्या-बिस्किटं खाल्ली. आमच्याकडे भांडी घासायला एक बाई यायची. तिचा महिन्याचा पगार सात रुपये होता. संशय तिच्यावर आला. आई तिला चोर म्हणाली नाही, फक्त म्हणाली, “उद्यापासून येऊ नकोस.” ती म्हणाली, “वहिनी, मी नाही हो घेतले. देवाशपथ.” मी दाराआड उभा होतो. चेंडू माझ्या खिशात होता. त्या आठवड्यात वाड्यातल्या आणखी दोन घरांनी तिला काढून टाकलं.

एखाद्याचं कोकरू कापायला राजाच असावं लागतं असं नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांनी, आई एक्याऐंशीची असताना, मी तिला हे सांगितलं. ती कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे पाप माझंही. मी तिचं ऐकूनच घेतलं नाही.” थोड्या वेळाने विचारलं, “तिचं नाव काय रे होतं?” आम्हा दोघांनाही आठवेना. सगळे तिला बाईच म्हणायचे.

ती भिंगारकडून चालत यायची, एवढं आठवत होतं. मी तिथे गेलो. दोन दिवस विचारत हिंडलो. एका म्हातारीने सांगितलं, अशी एक बाई होती, ती वारली. मुलगा पुण्याकडे गेला म्हणतात. तो धागा तिथेच तुटला.

मग मास्तरांच्या बायबलात गणना नावाच्या पुस्तकातला पाचवा अध्याय सापडला. अपराध केलेल्याने तो कबूल करावा, मूळ रक्कम द्यावी आणि वर पाचवा हिस्सा घालावा. आणि ज्याचा अपराध केला तो नसेल, त्याचं जवळचं कोणी नसेल, तर? तर ती भरपाई देवाला द्यावी, याजकाच्या हाती. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. धनको मेला म्हणून ऋण बुडत नाही. ते देवाच्या नावे चढतं. दावीदाचा ‘केवळ तुझा अपराधी’ हा उद्गार मला त्या दिवशी वेगळा कळला. उरीया मेल्यावर त्याच्या वतीने उभं राहायला दुसरं कोण उरलं होतं?

देवाने मला क्षमा केली का? मास्तर असते तर त्यांनी ठाम ‘हो’ सांगितलं असतं. पापं कबूल केली तर तो क्षमा करतोच, ही योहानाच्या पत्रातली ग्वाही त्यांना तोंडपाठ होती. मी एवढंच म्हणू शकतो, की वळायला जागा मिळाली.

गेल्या वर्षी आमच्या घरात सुनेची एक सोन्याची कुडी सापडेना. घरात काम करणाऱ्या ताई नुकत्याच गेल्या होत्या. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांची नजर एकाच दाराकडे वळली. ती नजर मी ओळखतो. मी सगळ्यांना बसवलं, नातवंडांनाही, आणि पाच रुपयांची गोष्ट सांगितली. कुडी चार दिवसांनी उशीच्या अभ्र्यात सापडली. नसती सापडली, तरी मला तेच सांगावं लागलं असतं.

सांगताना एकदा जीभ अडखळली. ‘मी लहान होतो, पण...’ असं काहीतरी ओठांवर आलं होतं. ते गिळलं, आणि म्हणालो, “पैसे मी घेतले होते. तिने नाही.”